दोन दिवसांसाठी चाकू

मी घरजावई आहे. लपवून काय उपयोग, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. वर सासऱ्यांचं घर, खाली सासऱ्यांचंच पडद्यांच्या कापडाचं दुकान, आणि मधल्या जिन्यावर चढ-उतार करणारा मी. जावई म्हणे दहावा ग्रह! असेल बुवा. हा ग्रह सहा वर्षं सासऱ्यांभोवती फिरतोय आणि मालाची खोकी फोडतोय.

यंदा मात्र हट्टाला पेटलो. जुने मित्र शनिवारपासून दोन दिवस तळ्याकाठी तंबू ठोकणार होते. म्हटलं, जगबुडी झाली तरी जाणार. बायको म्हणाली, "बाबांना तेवढं विचारा." विचारलं. सासरे म्हणाले, "जा की जावईबापू, मी काय बांधून ठेवलंय?" आणि तंबूवर लागणारा चाकू घ्यायला स्वतःच सोबत निघाले. मला म्हणे कोणीही टोपी घालतं!

दुकानदाराने दोन घडीचे चाकू पुढे ठेवले. एक दणकट, जाड पात्याचा. उघडला की पातं खटकन पक्कं बसायचं, लाकूड तासताना बोटांवर मिटायची भीती नाही. दुसरा चपटा, हलका, पातळ पात्याचा.

"रोज खिशात बाळगायला हा हलका," तो म्हणाला, "पण तंबूबिंबू असेल तर जाडाच घ्या. रोजचंही भागेल."

सासऱ्यांनी खिशातून आमच्याच खोक्याचा पुठ्ठा काढला. दुकानातून आणला होता! पारखल्याशिवाय ते साधी कात्रीही घेत नाहीत.

"बघा कापून. निवड तुमची, मी मध्ये बोलणार नाही."

खरंच बोलले नाहीत. जाडं पातं पुठ्ठ्यात अडखळलं, कड फाटली. पातळ पातं सरळ आरपार गेलं. हात असा खूश झाला म्हणून सांगू! आणि तोंडातून निघून गेलं, "हाच द्या. त्या जाड्यानं खोकं फोडलं तर आतलं कापड फाटेल."

दुकानदार बघतच राहिला. "आणि तंबू?"

'चुकलो, तो दुसरा द्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"शाब्बास!" त्यांनी पाठीवर थाप मारली. "शनिवारी माल येतोय. एकटा कसा उतरवून घेऊ, हीच काळजी होती मला."

"मी आहे ना, बाबा," मी म्हणालो.