शेणाखालच्या टाइल्स

पांढरकवड्याजवळच्या तांड्यावर उज्ज्वलाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा पर्यटन कंपनीच्या साहेबांची एकच अट होती: खाली टाइल्सच हव्यात, परदेशी माणसाला स्वच्छता लागते. तिने पांढऱ्याशुभ्र टाइल्स बसवल्या. मग कंपनीचं रंगीत पत्रक आलं. 'भारत, जसा होता तसा. शेणाने सारवलेल्या भुईवर पाठ टेका. काळ इथवर पोचलेलाच नाही.'

उज्ज्वलाने फोन लावला.

"आता छापून गेलं, मॅडम," साहेब म्हणाले. "उद्या एक पाहुण्या बाई येताहेत. पत्रकासारखं दिसलं नाही आणि तक्रार आली, तर तुमचं नाव यादीतून जाईल."

"मग टाइल्स काढू?"

"छे! टाइल्स तर पाहिजेतच."

उज्ज्वला राज्यशास्त्रात बी.ए. होती, तरी हे तिला उलगडेना. सासूला, सुखीबाईला, जिला ती बंजारा बोलीत 'याडी', म्हणजे आई म्हणे, कोडंच पडलं नाही. तिने टोपलंभर शेण कालवलं.

"याडी, चिकन्या टाइलवर शेण टिकते का?"

"तुह्या साहेबाचं बोलनं टिकते का? सारव मुकाट्यानं."

सकाळी शेण वाळून पापडासारखं सुटलं. दुपारी तारिक ड्रायव्हरने पोलंडच्या एक बाई आणून सोडल्या. त्यांच्या प्रत्येक पावलाला कुर्रम कुर्रम आवाज. त्या उकिडव्या बसल्या, एक पापुद्रा उचलला, खाली पाहिलं, मग हातातल्या पत्रकाकडे पाहिलं.

"भाभी, मॅडम इचारून राह्यली," तारिक म्हणाला, "याच्यात जुनं कोन्तं? वरचं का खालचं?"

थाप मारायलाही काही आधार लागतो, तो उज्ज्वलाला सापडेना.

"खालचं जुनं. वरचं कालचं."

"असंच सांगू?"

"सांग."

बाई पोट धरून हसल्या, फोटो काढले आणि दोन दिवस राहिल्या. जाताना बॅगेचं शेण झटकून गेल्या.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. "अभिनंदन! मॅडमनी फार छान लिहिलंय. नवं पत्रक निघालं, 'पापुद्र्यापापुद्र्याने उलगडणारा भारत'. तुमचं नाव सगळ्यात वर. शुक्रवारी चार जण येतील. जमीन अगदी तशीच ठेवा."

उज्ज्वला एका हातात टोपलं, दुसऱ्यात फडकं घेऊन दारात उभी राहिली.

"कायले थांबली वं?"

"सारवू का पुसू, तेच समजून नाही राह्यलं, याडी."

"सारव, मंग थोडं खरवड."

"पन थोडं म्हंजे किती?"

सुखीबाईने फोनकडे बोट दाखवलं. उज्ज्वलाने साहेबांना विचारलं. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"पत्रकात आकडा दिलेला नाही, मॅडम."