भुरीची अंघोळ

साल १९६२. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, म्हणजे यवतमाळच्या कापसाचे ऐन दिवस. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते आणि सासूबरोबर मी गावाबाहेरच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला जाऊ लागले होते. सासू तुळसाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे. सासरे डोमाजी, त्यांना मामाजी. माझे यजमान बाबाराव बाभुळगावच्या शाळेत मास्तर होते, ते शनिवारी संध्याकाळी घरी यायचे.

जिनापासून स्टेशनच्या मालधक्क्यापर्यंत जिनाचे स्वतःचे रूळ होते, दीड मैलाचे. मोठी गाडी कोळशाच्या इंजिनाची. तिच्या चिमणीतून ठिणग्या उडायच्या, म्हणून ते इंजिन कापसाजवळ येऊ देत नसत. रुईच्या गाठींचे डबे धक्क्यावर न्यायला मालकांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लिलावात एक लहानसं डिझेल इंजिन घेतलं होतं. राखाडी रंग, बसकं तोंड. सगळे तिला भुरी म्हणत. इंजिनाला कोणी 'ते' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मामाजी आधी गाठी वाहायचे. इंजिनाबरोबर आलेला मिस्त्री सहा महिने राहिला, त्याच्या हाताखाली बघून बघून ते शिकले. मिस्त्री गेला आणि भुरी त्यांच्याकडे आली. आमच्या वस्तीत यंत्र हातात मिळालेला तो पहिला माणूस. ५६ साली घरातले सगळे नागपूरला जाऊन बौद्ध झाले, तेव्हापासून दसऱ्याला जिनातल्या बाकी यंत्रांपुढे नारळ फुटायचा आणि भुरीला मात्र मामाजी नुसतं स्वच्छ पुसून तेल द्यायचे. काही लोकांना ते खुपायचं.

जिनातला पहिला नियम आगीचा. फाटकावर देवसिंग चौकीदार पत्र्याचा डबा घेऊन उभा असायचा. ज्याची त्याची माचिस, बिड्या त्या डब्यात. धोतराचा सोगासुद्धा तो चाचपून बघायचा. आणि भुरीची गंमत अशी की ठिणगीच्या भीतीने आणलेलं ते इंजिन सुरू करायला विस्तवच लागायचा. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली बोटाएवढी वात पेटवायची, फुंकून नुसती धुमसती ठेवायची आणि इंजिनाच्या डोक्यातल्या भोकात आट्याने बसवायची. मग एकाने हँडल फिरवायचं आणि वेग आला की दुसऱ्याने वरची दांडी सोडायची. दांडी सोडली की आत दाब धरायचा आणि भुरी बोलायला लागायची. म्हणून मामाजी तिला फाटकाबाहेर लिंबाखाली ठेवत, सकाळी तिथेच सुरू करत आणि संध्याकाळपर्यंत बंद म्हणून करत नसत. जेवणाच्या सुट्टीतही ती आवारात पुटपुटत उभी असायची.

त्या हंगामात नवे मॅनेजर आले, मधुसूदनराव. यवतमाळच्याच वकील घरातले, चांगला माणूस, पण हिशेबी. हे इंजिन किती जुनं आहे कोणाला ठाऊक नाही, कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्यापेक्षा ट्रॅक्टर घेऊ, असं त्यांचं मत. मामाजींनी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी ठरलं की शनिवारी सकाळी साहेब स्वतः बघतील. भुरीने भरलेले दोन डबे ओढून दाखवले तर ती राहील. नाही तर घनश्याम भंगारवाला तिला तोडून नेईल आणि मामाजी परत गाठी उचलायला जातील. तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं.

शुक्रवारी दुपारभर मामाजींनी भुरीला घासलं. पितळेच्या तोट्या उजळल्या. साहेबाने आल्याबरोबर सगळं तयार बघावं म्हणून संध्याकाळी तिला आत नेऊन दोन डब्यांना जोडलं आणि बंद करून घरी आले. चौदा वर्षांत ती आत कधी बंद झाली नव्हती. जेवताना ते आम्हाला तिच्या तोट्यांचंच सांगत होते. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही.

सकाळी ते नेहमीसारखे वात आणि माचिस घेऊन लिंबाखाली गेले. तिथे रिकामे रूळ. मी आणि आत्याबाई मागून येत होतो. ते रुळांकडे बघत उभे होते, चेहरा उतरलेला. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी नुसता फाटकाकडे हात केला.

देवसिंगला त्यांनी विनवलं, फक्त वातच पेटवू दे, मी मुठीत धरून नेतो. देवसिंग हलला नाही.

"डोमाजीभाऊ, मागल्या साली एक बिडी आत गेली अन् कापसाच्या तीन गंज्या जळाल्या. माचिस मी साहेबाचीबी काढून घेतो. तुमची कशी सोडू?"

तो खरं तेच बोलत होता. मामाजींनी माचिस त्याच्या डब्यात टाकली. भुरी ढकलत बाहेर आणावी तर फाटकाकडे चढ होता, आणि साहेब येऊन उभेही राहिले होते. ढकलून नेलेलं इंजिन बघितल्यावर त्यांना काय सांगणार?

घनश्याम काठीने भुरीच्या अंगावर टकटक करत फिरत होता, कुठे बीड आणि कुठे पोलाद ते आवाजावरून ओळखत. मामाजींनी थंड इंजिनाचं हँडल फिरवून पाहिलं. वीसेक वेळा तरी. भुरीने हूं की चूं केलं नाही. घनश्याम म्हणाला, "दसऱ्याले नारळ फोडत नाही ना तुमी. मंग कशी चालन?"

मामाजी धापा टाकत होते, तरी म्हणाले, "नारळानं दाब धरत असता तं मी पोतं आणून फोडलं असतं, घनश्याम."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी घड्याळ बघितलं. नऊपर्यंत थांबतो, म्हणाले.

आत्याबाई डोक्यावर उडून बसलेली रुईची बुरबूर तशीच घेऊन पुढे आल्या.

"अवो, हिच्या पोटात पाणी रायते ना?"

"रायते."

"रातभराचं थंडं?"

"थंडंच. दुसरं काय?"

"मंग कशी उठन ती? बाळंतीण काय थंड्या पाण्यानं न्हाते? तिकडं बॉयलरात पाणी कढून राह्यलं."

मामाजींनी मान वळवून तिकडे बघितलं. जिनाची यंत्रं चालवणारा बॉयलर आवाराच्या पार टोकाला, विटांच्या भिंतीमागे होता. विस्तव तिकडून आणता येत नव्हता, पण पाणी आणता येत होतं. मग त्यांना दुसरी भीती वाटली. ते म्हणाले, "कढत पाणी एकदम पडलं तं लोखंड तडकते. मंग मीच तिले घनश्यामले देईन."

"एकदम कोण टाकून राह्यलं? पह्यले कोमट, मंग ऊन, मंग कढत. अर्ध्या वस्तीच्या बाळंतिणी न्हाणल्या मी. एकबी तडकली नाही."

साहेबांनी फाटक लावून बघायला आलेल्या देवसिंगकडे बघितलं. देवसिंगने डबा काखेत घेऊन बराच विचार केला आणि म्हणाला, "पाण्याले मनाई नाही, साहेब."

मग कोणाला सांगावं लागलं नाही. कापूस लोटणाऱ्या आम्ही बाया बॉयलरपासून भुरीपर्यंत रांगेत उभ्या राहिलो. बादल्या हातोहात सरकत होत्या. थंडीत पाण्याची वाफ निघत होती आणि बाया बाळंतिणीची करतात तशी भुरीची चेष्टा करत होत्या, पोरगा झाला का पोरगी म्हणून. कोमट पाणी भरलं, मामाजींनी खालची तोटी उघडून सोडून दिलं. ऊन पाणी भरलं, तेही सोडलं. तिसऱ्यांदा कढत. आत्याबाईंनी भुरीच्या अंगाला हाताची पाठ लावून बघितली आणि मान हलवली.

दांडीवर माणूस हवा होता. रोज फाटकाशी जो सापडे त्यालाच मामाजी वर चढवत. दुपारचा डबा देताना मी ती दांडी अनेकदा पाहिली होती. मी पदर खोचला आणि वर चढले. त्या दिवसापर्यंत मी मामाजींसमोर मान वर करून बोललेले नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"बाई, मी म्हणलं का सोडजो. आधी नाही, मागून नाही."

पहिल्या खेपेला मी सोडली आणि हँडलच अडकलं. दुसऱ्या खेपेला भुरीने एक ठसका दिला आणि गप्प झाली. मामाजींनी तळहात धोतराला पुसले. तिसऱ्या खेपेला ते ओरडलेही नाहीत, नुसते "आता" म्हणाले. मी दांडी सोडली. माझ्या पायांखाली दणका बसला, पांढरा धूर निघाला, मग दुसरा दणका, तिसरा, आणि भुरी बोलायला लागली.

नऊला पाच मिनिटं होती. दोन्ही डबे घेऊन ती फाटकाचा चढ चढली. मला उतरायला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी धक्क्यापर्यंत तिच्यावरच गेले. साहेब फाटकापर्यंत बाजूने चालत आले आणि रोज वातीशिवाय चालू होईल का, एवढंच विचारलं. थंडीत रोज न्हाऊ घालावं लागेल, असं मामाजींनी सांगितलं. सोमवारी बॉयलरपासून भुरीच्या जागेपर्यंत पाण्याचा नळ टाकायला सुरुवात झाली. ट्रॅक्टरचं नाव परत निघालं नाही.

मधुसूदनराव पुढे अकोल्याला बदलून गेले. स्वतः निवृत्त झाल्यावरही दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, पत्त्यात मामाजींच्या नावापुढे 'इंजिन ड्रायव्हर' लिहिलेलं. घनश्यामने कळंबला दुकान टाकलं आणि भुरीला लागणारे किती तरी सुटे भाग भंगारातून त्यानेच शोधून दिले. देवसिंग १९७१ पर्यंत फाटकावर होता. त्याच्या पाळीत जिनाला पुन्हा कधी आग लागली नाही. मग तो गावी शेतीवर गेला आणि तिकडेच वारला.

मामाजींनी १९७० पर्यंत भुरी चालवली. १९८३ साली ते गेले. जिन बंद पडल्यावर भुरी बारा वर्षं गवतात उभी होती. नंतर जुन्या इंजिनांची हौस असलेल्या काही मंडळींनी तिला नेऊन दुरुस्त केलं. नागपूरकडच्या एका बागेत अर्धा मैल रूळ आहेत, तिथे ती रविवारी मुलांना घेऊन धावते. मी दोनदा बसून आले. आता तिला बॅटरी आहे, बटण दाबलं की सुरू होते. चालवणाऱ्या मुलीला मी सांगितलं, आवाज बरोबर आहे, फक्त थोडी घाई करतेस.

बाबाराव हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी १९६५ साली जिन सोडून बाभुळगावला संसार थाटला, चार मुलं वाढवली, आता ब्याऐंशी पूर्ण आहेत. आत्याबाईंनी गुडघे धरेपर्यंत सात हिवाळे भुरीला अंघोळ घातली, त्या कामाचा त्यांना वेगळा पगार होता. नंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन, दुपारी जेवून आडव्या झाल्या असताना गेल्या.