सोळा नंबर कुणाचा?

सूनबाईने प्रयोगशाळेतून आणलेल्या दोन नळ्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, तेव्हाच सासूबाईंनी ओळखलं की आता घरात काहीतरी शोभा होणार.

"गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूमुळे होतो," सून म्हणाली. "त्याचे पुष्कळ प्रकार आहेत, प्रत्येकाला नंबर. कुठल्या लोकांत कुठला नंबर जास्त, ते आम्ही शोधतोय. तुम्ही दोघींनी नमुना द्या ना. बाथरूममध्ये जाऊन काडी आपली आपणच फिरवायची, नळीत बुडवायची, झालं."

सासूबाई बंदराकडच्या. सुनेची आई, म्हणजे विहीणबाई, डोंगराकडच्या. महिनाभर राहायला आलेल्या. पोरांनी आपल्या मनाने लग्न केलं तेव्हापासून कुणाचे लोक चांगले यावरून दोघींची जुंपलेली. बोलणं कुणाचं गोड, म्हातारपणी गुडघे कुणाचे टिकतात, काही म्हणून सोडलं नव्हतं.

"आमच्या डोंगरात असले आजार चढतच नाहीत," विहीणबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे बायका रोज अंघोळ करतात," सासूबाईंनी लगेच ठेवून दिली.

"अहो, अंघोळीचा काय संबंध!" सून ओरडली. पण ऐकतंय कोण!

बंदरवाल्यांना पिवळं पाकीट, डोंगरवाल्यांना निळं. आतल्या नळ्या मात्र अगदी सारख्या. दोघींनी नमुने देऊन पाकिटं टेबलावर ठेवली. सासूबाईंचे यजमान जन्मभर जहाजावर आचारी. गावोगावी उतरायचे, आणि परत आले की जरा जास्तच प्रेमाने वागायचे. बाईमाणसाला सगळं कळतं हो! आपल्या नळीत काही निघालं तर? तेही या बाईसमोर? अख्ख्या बंदराचं नाक कापलं जाईल. विहीणबाई हात धुवायला गेल्या, तशी सासूबाईंनी झटकन दोन्ही पाकिटांतल्या नळ्यांची अदलाबदल केली. तेवढ्यात बेल वाजली. कुरिअरवाल्याला वाटेला लावून त्या परत आल्या, तर विहीणबाई खुर्चीत शहाण्यासारख्या बसलेल्या.

पुढे एका संध्याकाळी सून घरी आली ती चेहरा पाडूनच.

"पिवळ्यात काही नाही. निळ्यात सोळा नंबर निघाला." तिने आपल्या आईचा हात धरला. "कॅन्सर झालाय असं नाही गं. पण सोळा नंबर सगळ्यात वाईट. आणि तो डोंगर बघत नाही की बंदर, दोन्हीकडे त्याचीच चलती. डॉक्टर भिंगातून तपासतील."

विहीणबाई ढिम्म! "तपासू देत की," म्हणाल्या. "फक्त माझ्याबरोबर तुझ्या सासूबाईच हव्यात. दुसरं कुणी चालायचं नाही."

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. काय धीराची बाई ही! आजार आपला, आणि तपासून घ्यायला जाणार ती. तिच्यात काही सापडणार नाही, आणि आपल्या पोटात ते मेलं वाढत बसणार. सांगावं तर तोंड दाखवायची सोय उरणार नाही. मरणाची भीती वाटत होती त्यांना, आणि लाजही तेवढीच वाटत होती.

दवाखान्यात हिरवा पडदा, उंच टेबल, वर मोठा दिवा. "पेशंट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. विहीणबाईंनी चपला काढल्या मात्र, सासूबाईंचा धीर सुटला.

"थांबा! चढू नका! तो सोळा नंबर माझा आहे! मी नळ्या बदलल्या! नवरा जहाजावर होता हो माझा!"

डॉक्टरीणबाईंचा हातमोजा अर्ध्यावरच राहिला. विहीणबाई मात्र हसायला लागल्या.

"तुमचाच आहे, माहीत आहे मला. आता तुम्हालाच चढवणार होते. घरी सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात? म्हणून ओढून आणलं. पण नळ्या मी बदलल्या, तुम्ही कशाला?"

"तुम्ही? कधी?"

"तुम्ही दार उघडायला गेलात तेव्हा. आमच्या डोंगराला बट्टा नको म्हणून."

"अहो, मी तर त्याआधीच बदलल्या होत्या!"

डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं इकडची तिकडे केली, मग तिकडची इकडे. "म्हणजे नळ्या परत आपापल्या पाकिटात गेल्या," त्या म्हणाल्या.

विहीणबाईंचं हसू थांबलं. कधी एका शब्दाने माघार न घेणारी बाई, तिने टेबलाची कड धरली. "मग माझाच की हो," त्या हळूच म्हणाल्या.

बंदर जिंकलं होतं. सासूबाईंना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"चढा," त्या म्हणाल्या. "लवकर कळलंय. मी आहे ना."

"मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. चढा."

विहीणबाई आडव्या झाल्या आणि त्यांनी सासूबाईंचा हात असा काही आवळला की बांगड्या रुतल्या.

"ताई, तुम्ही जरा पडद्याबाहेर थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाही थांबणार," सासूबाई म्हणाल्या. "माणूस आहे माझं. तुम्ही बघा काय बघायचं ते."