चहाच्या कप्प्यात अडकलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी कागदाचा एक जुना तुकडा आहे, एवढं तरी नक्की. त्यापुढचं सांगताना माझाच गोंधळ उडतो. माझ्या एका बाजूला प्रार्थनाघरातल्या चहापानाचं आमंत्रण छापलेलं आहे. दुसऱ्या बाजूला शाईनं ‘पेंट’ हा शब्द आणि त्याखाली एक वाक्य लिहिलेलं आहे. आता यातलं माझं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे मला कित्येक वर्षं कोणी सांगितलंच नाही.

इंग्लंडातल्या एका खेड्यात केझाया पेल नावाच्या बाईनं मला कात्रीनं कापलं. त्या काळी इंग्रजीचा एक मोठा शब्दकोश तयार होत होता. लोकांनी छापील मजकूर वाचावा, शब्दासकट वाक्य चिठ्ठीवर उतरवावं, लेखक आणि साल लिहून पाठवावं, असं आवाहन होतं. केझायाचे वडील ओबेदाया पेल घरं रंगवायचे. त्यांनी एकदा गावच्या मासिकात चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक तिनं माझ्यावर उतरवली: “दार रंगवायचं तर आधी ते खरवडा, घाईनं दिलेला रंग पहिल्याच हिवाळ्यात सुटतो.” खाली मासिकाचं नाव, साल, आणि वडिलांचं नाव जरा ठळक अक्षरात. लिहून झाल्यावर तिनं माझ्यावर फुंकर मारली. ती फुंकर अजून आठवते.

शब्दकोशाचं काम संपादक हॅलमसाहेबांच्या बागेत, पत्र्याच्या एका शेडमध्ये चालायचं. भिंतभर कप्पेच कप्पे, प्रत्येक शब्दाला एक! लोबाई नावाच्या सहायक चिठ्ठ्या लावायच्या. त्यांनी मला उचललं, तेवढ्यात त्यांना शिंक आली, मी उलटी पडले आणि त्यांनी आमंत्रणाची बाजू वाचली. “चहा,” असं पुटपुटून त्यांनी मला चहाच्या कप्प्यात टाकलं.

अकरा वर्षं, मित्रांनो! आजूबाजूला किटल्या, कप, साखर यांचीच वाक्यं. सुरुवातीला मी कुरकुरले. मग वाटू लागलं, आपण चहाच असू. दार, रंग, हिवाळा हे सगळं आपल्याला स्वप्नात दिसलं असेल. आपण कोण, हेच ठाऊक नसणं फार वाईट असतं हो.

एके दिवशी हॅलमसाहेबांचा आवाज चढला. ‘पेंट’ची पानं शुक्रवारी छापखान्यात जायची होती.

“लोबाई, हे काय? राणीनं गाल रंगवले, चित्रकारानं देवदूत रंगवला, वक्त्यानं भविष्य रंगवलं! या देशात साधं दार कोणी रंगवतच नाही का?”

“लोकांना नवलाचं तेवढंच दिसतं, साहेब. साधं वाक्य उतरवायचं कोणाच्या मनातच येत नाही.”

त्याच दुपारी केझाया वडिलांना घेऊन आली. म्हातारबाबांची मनगटं लुळी पडली होती. आयुष्यभर शिशाचा रंग हाताळणाऱ्यांची पडतात तशीच.

“साहेब, माझी चिठ्ठी पोचली होती का?” केझायानं विचारलं. “डॉक्टर म्हणतात, बाबांना पुढचा उन्हाळा दिसायचा नाही. त्यांची ओळ पुस्तकात येणार, एवढं त्यांना ऐकायचंय.”

लोबाईंनी ‘पेंट’चा कप्पा दोनदा उपसला. मी तिथे कुठून असणार? मी पलीकडच्या भिंतीत बसून ऐकत होते. केझायानं म्हणून दाखवलेली ओळ ओळखीची वाटत होती, पण मी तर चहा ना?

“मासिकाचा अंक आणलाय?” साहेबांनी विचारलं.

“एकच होता. पुरात गेला.”

“मग माझे हात बांधलेत, बाई. लेखी पुराव्याशिवाय मी ओळ घेत नाही. उद्या कोणीही येऊन काहीही सांगेल.”

“चल गं, केझाया,” ओबेदाया म्हणाले. “आपलं कामच असलं. गावातल्या एकूण एक दाराला मी रंग दिला. आज माझं एकही दार दिसत नाही. त्यावर दुसऱ्यांच्या रंगाचे हात बसले.”

केझायाला रडू फुटलं. “माझंच चुकलं! चांगला कोरा कागद घ्यायचा सोडून चहापानाच्या आमंत्रणामागे लिहिलं. कोणीतरी रद्दी समजून फेकलं असेल.”

“चहापान?” लोबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! मीच ती शहाणी!”

त्या धावल्या. कप्पा रिकामा झाला, मी जमिनीवर पडले, कोणीतरी मला उलटं केलं आणि अकरा वर्षांनी माझ्या अक्षरांना उजेड लागला. मी रंगाचीच होते की!

साहेबांनी वाक्य वाचलं आणि ते हसायलाच लागले. “पेलबाबा, हा शब्द फ्रेंचांकडून आमच्याकडे आला, त्यांना तो लॅटिनमधून मिळाला. चित्र काढणं, सुईनं कशिदा भरणं, अंग गोंदणं, या सगळ्याला रोमन लोक हाच शब्द वापरायचे. त्याच्याही मागे गेलं, तर विद्वान म्हणतात, मुळात अर्थ होता कापणं, कोरणं. हिंदुस्थानच्या संस्कृतातही त्याचं भावंड आहे.”

“म्हणजे आधी खरवडणं, मग रंग!” म्हातारबाबा खुशीत आले. “हे सांगायला एवढी पुस्तकं वाचलीत होय? मला विचारायचं होतं!”

सगळे हसले. मग केझायानं हळूच विचारलं, “बाबांचं नाव छापाल ना?”

मासिकातल्या ओळीपुढे फक्त मासिकाचं नाव आणि साल देण्याचा साहेबांचा नियम होता. त्यांनी तो ओशाळून सांगितला.

“असू दे,” ओबेदाया म्हणाले. “दारावर तरी मी कधी नाव टाकलं?” पण त्यांचा लुळा हात बराच वेळ माझ्यावर होता.

ओळ छापून आली. कोश देशोदेशी गेला. माझं काम संपलं, म्हणून मला इतर चिठ्ठ्यांबरोबर सुतळीनं बांधून तळघरात ठेवलं. मित्रांनो, तुम्ही कोशात ती ओळ वाचाल, पण ती कोणाची हे तुम्हाला कळणार नाही. ते नाव फक्त माझ्यावर आहे आणि शाई फिकट होत चालली आहे. कधी इकडे आलात, तर सुतळी सोडा, मला उजेडात धरा आणि एकदा मोठ्यानं वाचा: ओबेदाया पेल, घरं रंगवणारे.