पाव्हण्यांपुरतं पाणी

पिंपळबारीत पोरगी द्यायला माणसं आली की आधी विहिरीत वाकतात, मग पोराच्या तोंडाकडे पाहतात. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव हे. इथे भिंत सारवून घेता येते, पोराला नवा सदरा घालता येतो, शेजारची दुभती म्हैस दोन घटका आपल्या दावणीला बांधता येते. विहिरीला काही नेसवता येत नाही. वाकावं, खडा टाकावा, कान द्यावा. खडा लगेच बोलला तर पोरीचं नशीब उजळ. उशिरा बोलला तर पाव्हणे चहा पितात, "कळवतो" म्हणतात आणि चोपड्याची एसटी धरतात.

मंजुळाबाईच्या विहिरीत खडा लगेच बोलायचा. नाल्याच्या वळणावर तिच्या मालकाने, अभिमनने, ती स्वतः खोदली होती. पुढे तो गेला. विहीर राहिली, ऐंशी लिंबाची झाडं राहिली आणि एक पोरगा राहिला, भूषण. उन्हाळ्यात गावाची नळयोजना आटली की बाया हंडे घेऊन तिच्या बांधावर यायच्या. तिने कुणाला परतवलं नाही. दोर ओढता ओढता ती गायची:

मन्ही इहीर भरेल, मझार चांद पोहस,
जीन्हा पदर कोरडा, ती मन्हाकडे येस.

पण भूषणला चौतिसावं लागलं होतं. सात ठिकाणची माणसं येऊन गेली. विहीर पाहून माना डोलवायची, आणि निघताना म्हणायची, "नोकरी असती तर..." आठवं स्थळ शिरपूरकडचं होतं. तोताराम नावाचा बाप, दिपमाला नावाची पोरगी. त्याला नोकरी नको होती. "शेती चालेल, पण पाणी पाहिजे," एवढाच निरोप त्याने नवलच्या हाती धाडला होता. मंजुळाबाईने तो निरोप देवासारखा जपला.

नवल म्हणजे गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष. वरच्या अंगाला त्याची केळी. हे स्थळ त्यानेच आणलं होतं.

त्याच चैत्रात गावाला कायमचं पाणी कुठून द्यायचं, याची मोजणी निघाली. भूजलचं काम करणारी एक बाई जळगावहून यायची. चेलना तिचं नाव, माहेर सावद्याच्या धान्यवाल्या जैनांचं. डोक्याला रुमाल बांधून उन्हात हिंडायची आणि सगळ्यांना तेच समजावून सांगायची. वाटा तीन होत्या. तापीवरून पाइप आणायचा, तर बारा महिने वीज जाळायची आणि उन्हाळ्यात हिरवं, शेवाळी पाणी गाळत बसायचं. वरच्या खोऱ्यात बंधारा बांधायचा, तर अंजनाची आणि मोहाची तीनशे झाडं बुडायची, पावरा आदिवासींच्या पाड्याचा पिण्याच्या पाण्याचा झिरा बुडायचा, आणि नवलची चार एकर केळीही बुडायची. तिसरी वाट, मंजुळाबाईच्या बांधाला लागून, नाल्याकाठी तीन खोल बोअर.

"यात झाडं जात नाहीत, वीजही थोडी," चेलना म्हणाली. "प्रश्न एकच आहे. बोअर चालू झाल्यावर या मंजुळाअक्कांची विहीर किती उतरते? ती उतरली तर नाल्याखालचं सगळंच उतरेल."

म्हणून नाल्याकाठी एक चाचणीची बोअर मारली. ती दोन दिवस अखंड चालवायची, आणि मंजुळाबाईच्या विहिरीत सकाळ-संध्याकाळ फीत सोडून पातळी पाहायची.

"अक्का, दोन दिवस या विहिरीतून एक कळशीसुद्धा काढायची नाही हं," चेलनाने बजावलं.

काढायची नाही, एवढंच ती म्हणाली. घालायची नाही, असं म्हणायचं तिला सुचलं नाही. विहिरीत पाणी कोण घालतं?

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाणी दोन फूट उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार फूट. अभिमनने कपारीत ठोकलेली लोखंडी कडी मंजुळाबाईने आजवर कधी कोरडी पाहिली नव्हती. ती आता उघडी पडली होती आणि तिच्यावरून थेंब गळत होते. मंजुळाबाई काठावर बसली. आणि नेमका त्याच दिवशी चार वाजता तोताराम येणार होता.

नवल आला तेव्हा तिने पदराने डोळे पुसले.

"अक्का, रडस कसाले?"

"कडी दिखी ऱ्हायनी, भाऊ. आज पाव्हणा येतंस. खडा टाकतीन ना!"

नवलने विहिरीत पाहिलं. मग वर डोंगराकडे पाहिलं. पाड्यावरचा झिरा मोजायला चेलना सकाळीच तिकडे चढून गेली होती. तो हसला. "मी शे ना! बैनना पोऱ्यानं लगीन मोडू देसू का मी? चार टँकर धाडसू. मन्हाच शेतस. तू फक्त चहा चांगला कर."

भर दुपारी टँकर गावातून, मारुतीच्या पारावरून, दवाखान्यापुढून आले. पारावरची माणसं पाहत होती. विडी ओढणाऱ्या छगनने हात उंचावून ड्रायव्हरला सलामही ठोकला. पाइप विहिरीत सोडला, आणि नवलच्या वरच्या शेतातल्या बोअरचं पाणी खालच्या विहिरीत धबधबा पडू लागलं. मंजुळाबाई काठाशी उभी राहून कडी बुडेपर्यंत पाहत राहिली. तिच्या छातीवरचा दगड एकेक वितीने पाण्याखाली गेला. नवलला तिने तोंडभर आशीर्वाद दिले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तोताराम आला. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. विहिरीत वाकला, खडा टाकला, कान दिला. मग बराच वेळ काठावरच राहिला. पाण्याकडे नाही, दगडांकडे पाहत.

"पानी चांगलं शे," तो उठून म्हणाला.

विहिरीसमोरच्या ओसरीवर चहा चालू असतानाच चेलना डोंगरावरून उतरली. दोन दिवस पुरे होत होते, शेवटची पातळी घ्यायची होती. तिने फीत सोडली. पुन्हा सोडली. मग फीत तपासली.

"अक्का, हे कसं? सकाळी चार फूट खाली होतं. आता जवळजवळ जागेवर आलंय. कुणी पाणी घातलं का हिच्यात?"

ओसरीवर तोतारामच्या हातातली बशी ओठाशी थांबलेली मंजुळाबाईला दिसली. नवल बिस्कीट बुडवत होता.

"इहिरमा कोन पानी घालस, ताई?" ती म्हणाली.

सगळे हसले. नवल सगळ्यांत मोठ्याने हसला.

चेलना हसली नाही. बांधावर टायरच्या ओल्या खुणा होत्या. ती त्या खुणांकडे पाहत खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, माझ्याकडे फक्त आकडे आहेत. हा आकडा म्हणतो, तुमच्या विहिरीवर बोअरचा काही परिणाम नाही. परवा ग्रामसभा आहे. तिथे तुम्ही एक शब्द बोला, मी लिहून घेते, चाचणी पुन्हा लावते. तुम्ही नाही बोललात तर हाच आकडा वर जाईल."

त्या दोन दिवसांत मंजुळाबाईने हजार वेळा तो शब्द तोंडात घोळवला. टँकर. एवढाच तर शब्द. भाकरी थापताना म्हणून पाहिला, लिंबं वेचताना म्हणून पाहिला. रोपांना पाणी सोडताना एकदा मोठ्याने म्हटला, तर भूषणने मान वर केली. "काय म्हननी माय?" तोताराम होकार देऊन गेला होता, आणि भूषणने दाढी केली होती. सात वर्षांत तिने त्याला पाव्हणे यायचे नसताना दाढी करताना पाहिलं नव्हतं.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. चेलनाने जमिनीवर खडूने तीन मोठी वर्तुळं काढली: तापी, बंधारा, बोअर. प्रत्येक घराला तीन चिंचोके दिले. "ज्या वाटेने आपल्या मातीचं, पाण्याचं, झाडांचं जास्त नुकसान होईल असं वाटतं, तिथे चिंचोके ठेवा. जिथे सगळ्यांत कमी पडतील, ती वाट धरायची."

माणसं वाकून वाकून चिंचोके ठेवू लागली. बंधाऱ्याच्या वर्तुळात रास पडली. पाड्यावरून आलेल्या चार पावरा बाप्यांनी आपले चिंचोके तिथेच ठेवले. त्यांचा झिरा खरोखरच बुडणार होता. तापीतही बरेच पडले. बोअरचं वर्तुळ मोकळं राहिलं, नुसती पांढरी रेघ.

मंजुळाबाई सर्वांत शेवटी उठली. पुढच्या रांगेत, खुर्चीवर, गळ्यात हार घालून तोताराम बसला होता. नवलने त्याला खास बोलावून घेतलं होतं. "गावना नवा सोयरा शे, सत्कार करू," म्हणून.

ती बोअरच्या वर्तुळापाशी थांबली. चेलनाने वही उघडली.

"बोला अक्का. तुमच्या विहिरीबद्दल काही सांगायचंय?"

"बोल ना, अक्का," नवल मायेने म्हणाला. "सोयरा बी आयकी ऱ्हायनात. त्यासले बी कळू दे तुन्ही इहीर कशी शे ती."

मागून छगन ओरडला, "अक्कानी इहीर देवनी शे! दुपारले आपोआप भरास!"

पटांगण खदखदलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ह्याच बाया, हेच पदर, तिच्या बांधावर कोरडे आले होते. सगळ्या, बठ्ठ्या गावाने टँकर पाहिले होते, बठ्ठं गाव हसत होतं, आणि बंधारा नको असलेलं, वीजबिल नको असलेलं ते बठ्ठं गाव तिच्या तोंडाकडे डोळे लावून होतं. ती बोलली तर खोटी ठरणार होती ती एकटी. पाव्हण्याला फसवणारी, पोराचं लग्न लबाडीने जुळवणारी. गप्प राहिली तर कुणीच खोटं ठरणार नव्हतं.

भूषण खांबाला टेकून उभा होता. त्याची मान खाली होती.

मंजुळाबाई दोन पावलं बाजूला सरकली आणि तिने आपले तिन्ही चिंचोके बंधाऱ्याच्या राशीवर ठेवले.

"मन्ही इहीरले काही व्हत नही," ती म्हणाली.

चेलनाने वहीत एक ओळ लिहिली. वही मिटली.

लग्न वैशाखात झालं. बोअर आषाढात झाल्या. पाऊस बरा होता, म्हणून दिवाळीपर्यंत विहिरीने कळू दिलं नाही. मग कडी उघडी पडली. मग कडीखालचा काळा दगड. पौषात विहिरीच्या तळाशी एका भांड्याएवढं पाणी राहिलं, त्यात बेडूक तोंड वर करून बसायचे. माघात तेही राहिलं नाही. लिंबाच्या झाडांनी आधी फळं टाकली, मग पानं. भूषणने ऐंशीतली साठ झाडं तोडून वीटभट्टीला दिली. गावात मात्र नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं, आणि नवलच्या केळीचे घड मालमोटारीत चढत होते.

एकदा ती तक्रार घेऊन पंचायतीत गेली. ग्रामसेवकाने अहवाल काढून दाखवला. त्यात तिचंच वाक्य होतं, शुद्ध मराठीत.

आता तीही नळावर उभी राहायची. तिच्या विहिरीवर ज्यांनी हंडे भरले होते, त्या बाया तिला रांगेत मागे सारायच्या. "तुले काय कमी शे अक्का, तुन्ही इहीर तर आपोआप भरास!"

फाल्गुनातल्या एका सकाळी सून दिपमाला रांगेतून रिकामा हंडा घेऊन परत आली. पाणी मध्येच बंद झालं होतं. कुणीतरी तिला 'टँकरवाली' म्हटलं होतं. ती ओसरीवर बसली. मंजुळाबाई तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "पोरी, एक सांगस. तुन्हा बापले आम्ही फसाडं. ते पानी..."

"टँकरनं व्हतं. माहीत शे ना, आत्याबाई."

सुपातले हात थांबले.

"आबा तवाच घर येईसन बोलनात," दिपमाला सहज म्हणाली. "उन्हाळ्यात विहिरीचं पाणी रोज थोडं थोडं उतरतं, तसे दगडावर ओलीचे पट्टे राहतात. तिथे एकच पट्टा, अन् तोही ताजा, वरून ओतलेल्या पाण्याचा. मायनं इचारं, मंग सोयरीक मोडू का? आबा बोलनात, कसाले मोडवी? पोऱ्या दारू पियस नही, तंबाखू खास नही, मायपुढे मान खाले घालस. पाणी काय, आज शे, उद्या नही."

"मंग सभामा..." मंजुळाबाईने मान वर केली. "सभामा मी सांगी देती, तर?"

"तर आबांनी तिथेच सांगितलं असतं, मला ठाऊक आहे म्हणून." दिपमालाने हंडा उपडा घातला. "ते वाटच पाही ऱ्हायंतात तुम्ही बोलनात तर. घर येईसन म्हणे, बाई बोलनी नही, मी कसा बोलू? तिन्ही इहीर, तिन्हा शब्द."

बाहेर भूषण राहिलेल्या वीस झाडांमधून कुऱ्हाड घेऊन चालला होता.

तांदूळ निवडून झाले नव्हते तरी मंजुळाबाईने सूप बाजूला ठेवलं. दिपमालाने माठातून तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला. जिच्या बापाला पाण्यानेच फसवलं, तिच्या हातचा तो तिने घेतला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. घोट घोट पाण्यासाठी ती स्वतः नळावर जाऊ लागली, स्वतःची कळशी वेगळी ठेवू लागली. गावात बोलणं झालं, की मंजुळाबाई सुनेच्या हातचं पाणी पीत नाही. काय गुन्हा केला पोरीने, असं लोक विचारायचे. दिपमालालाही तेच कळत नव्हतं. ती रोज सकाळी तांब्या भरून सासूपुढे ठेवायची, आणि रोज संध्याकाळी तो तसाच नेऊन उरल्या लिंबाच्या मुळाशी ओतायची.