आत्याच्या घरातल्या मुंग्या

तिलोमाई आत्या लोसाकडे तिसऱ्यांदा मुक्कामाला आली तेव्हा तिच्याबरोबर एक सुटकेस, पिशवीभर अळकुड्या आणि सामोअन क्रिकेटची तीन कडांची लांबलचक बॅट होती.

"घरात मुंग्या झाल्यात," ती म्हणाली.

फेब्रुवारीतही मुंग्याच होत्या. जूनमध्ये छत गळत होतं. त्या आठवड्यात ऑकलंडच्या सगळ्या मांगेरे भागात थेंब पडला नव्हता.

आत्याने खुर्ची दाराला लावली, बॅट मांडीवर घेतली आणि बायबल उघडलं. पार्सल घेऊन आलेल्या माणसाकडून तिने त्याचं नाव, आईचं नाव आणि चर्च वदवून घेतलं, मगच सही केली.

लोसा स्वयंपाकघरातून बघत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, डॅरेलने, तिचा हात दोन ठिकाणी मोडला. तो तुरुंगात गेला आणि लोसाचं नाव पीडितांच्या नोंदवहीत गेलं. त्याला कुठे हलवलं, दवाखान्यात नेलं, सोडलं, की तिला फोन येणार. तो फोन स्वतः घ्यायची तिची तयारी नव्हती. म्हणून 'माझ्या वतीने कोणाला कळवावे' या रकान्यात तिने आत्याचं नाव लिहिलं. "महत्त्वाचं तेवढं सांगेन," आत्या म्हणाली होती.

दोन वर्षांत महत्त्वाचं काही घडलंच नव्हतं.

"आत्या, तो बाहेर आलाय का?"

"कोण?"

"तुझ्या मुंग्या."

आत्याने बायबल मिटलं. "फेब्रुवारीत त्याची दाढ काढायला नेलं होतं."

"दाढेसाठी तू नऊ दिवस राहिलीस?"

"अक्कलदाढ होती."

"आणि जूनमध्ये?"

"तुरुंग बदलला. गाडीतून नेलं. गाडीला दारं असतात, पोरी."

"आणि आता?"

आत्याने बॅटची एक कड पुसली. "शुक्रवारी सुटतोय. ऑकलंडमध्ये पाय ठेवायची बंदी आहे, पायाला माग काढणारं यंत्र बांधणार आहेत. तुझी झोप उडाली असती गं."

"झोप? तू तोंडातून अक्षर काढायची नाहीस आणि बॅट घेऊन दारात बसायचीस! मी काय समजायचं? रोज घाबरले मी, आत्या. तो आतच होता तेव्हासुद्धा. दोन वर्षांत एकदा शनिवारच्या बाजारात गेले नाही. शंभर शनिवार! त्यातला एक तरी माझा होता की नाही?"

आत्याने बॅट भिंतीला टेकवली. एवढी मोठी बाई खुर्चीत एकदम लहान दिसायला लागली. तिने नोंदवहीच्या कार्यालयाचा नंबर काढून फोन पुढे केला.

तिथल्या बाईने लोसाची जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, रकान्यातून आत्याचं नाव काढून टाकलं.

"आता थेट तुम्हालाच कळवायचं ना?"

"मलाच."

"मग एक आत्ताच सांगते. आजच कळलंय. शुक्रवारची सुटका पुढे गेली. तो राहणार त्या घराची तपासणी बाकी आहे. आता सोमवारी."

"म्हणजे शनिवारी तो कुठे असेल?"

"आतच."

"नक्की?"

"नक्की."

लोसाने चर्चच्या कॅलेंडरवर सोमवारभोवती गोल केला. मग शनिवारकडे बघत राहिली.

"आत्या, शनिवारी बाजारात जाऊ."

"बॅट घेऊ?"

"पिशवी घे."