सोसायटीच्या अंगणात पानिपत

मंगळवारी सकाळी पानिपतची छावणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरली. राहुट्या, तोफा, बैल, घोडे, बायका, लेकरं. सगळं मावेना तेव्हा कंपाउंडची भिंत उत्तरेकडे सरकू लागली आणि दुपारपर्यंत दिसेनाशी झाली. कऱ्हाडला कधी पडत नाही असं धुकं पडलं. शेजारच्या डिंगरेवहिनींनी दोरीवरचे कपडे काढून घेतले, कारण चुलींच्या धुरानं ते काळे होत होते.

श्रीरंग, माझा नवरा, कॉलेजात इतिहास शिकवतो. ही लढाई तो दरवर्षी शिकवायचा. कुठे थांबायला नको होतं, रसद कशी तुटली, हे तो फळ्यावर बाण काढून दाखवायचा. त्यानं चहा संपवला आणि स्वेटर घातला.

"त्यांना सांगून येतो," तो म्हणाला.

"ऐकतील?"

"अजून वेळ आहे. संक्रांत पुढच्या आठवड्यात आहे."

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी तो तीनच मजले चढून घरी आला. इमारतीतला एक मजला कमी झाला होता. बाल्कनीतून आता खालच्या माणसांचे चेहरे दिसत होते.

"काय म्हणाले?"

"त्यांना सगळं ठाऊक आहे." तो बूट न काढताच बसला. "एका सरदारानं माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, दाणे आणलेत का?"

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. दूधवाल्याची सायकल तेवढी एकटीच गेटपर्यंत आली. वॉचमन म्हणाला, रिक्षा स्टँडपलीकडे पठाणांचे स्वार आहेत, ते कोणाला सोडत नाहीत. मी भावाला फोन केला.

"धान्य घेऊन निघालोय," तो म्हणाला. "वाटेतच आहे."

त्यानंतर रोज त्यानं हेच सांगितलं.

छावणीतली येसू नावाची बाई आमच्या दारात आली. तिचा नवरा तोफखान्यात होता. "बाई, पीठ आहे का थोडं?" तिनं विचारलं. मी पीठ मळेपर्यंत ती गॅसपाशी हात शेकत उभी राहिली. पोळ्या तिनं मोजल्या नाहीत, पदराखाली घेऊन गेली. नंतर तिच्यामागून आणखी बायका आल्या. श्रीरंगनं तांदळाचं पोतं खाली नेलं. डिंगरेवहिनींनी डाळी दिल्या, मग शेवया, मग यजमानांची साखर नसलेली बिस्किटंही. रोज एक मजला कमी होत गेला. शेवटी जिना उरलाच नाही. आमचं दार थेट छावणीत उघडू लागलं.

श्रीरंग आता छावणीतच झोपायचा. डोक्याला त्यानं मुंडासं गुंडाळलं होतं. कधी यायचा, पाणी प्यायचा आणि उभ्याउभ्याच परत जायचा.

"सगळ्यांना घेऊन मागे फिरता येणार नाही का?" मी विचारलं.

"मागे रस्ता नाही."

"तू वर्गात दाखवायचास तो?"

"तो फळ्यावर होता."

"मग तू तरी घरात थांब. तू त्यांच्यातला नाहीस."

"घर कुठवर आहे ते दाखव," तो म्हणाला.

मी बघू लागले. हॉल लांबत गेला होता. त्याच्या टोकाला, फ्रिजच्या दांडीला कोणीतरी घोडा बांधला होता. डायनिंग टेबलाखाली येसूची मुलं झोपली होती. त्यापुढे उंबरा होता का, ते मला सांगता येईना.

संक्रांतीच्या सकाळी लाडवांसाठी मी तीळ शोधले. डबा रिकामा होता. येसूनं ते आदल्या दिवशी कच्चेच वाटले होते. माझ्यासाठी चिमूटभर बाजूला काढून ठेवले होते. ते मी खाल्ले.

श्रीरंग आत आला. "हळद आहे?"

"खायला?"

"तोंडाला लावायला. लढाईला निघताना सगळे लावतायत."

त्यानं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मान खाली घातली. मी त्याच्या कपाळाला, गालांना, दाढीच्या खुंटांना हळद लावली. त्याची कातडी गार होती. माझा हात थांबला.

"कानामागे राहिलंय," तो म्हणाला.

त्याच्यामागे येसूचा नवरा उभा होता. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. रांगेचं टोक धुक्यात होतं. मी एकेकाला हळद लावत गेले. हळद संपली तर उरलेले जाणार नाहीत असं मला वाटलं, म्हणून मी डबा मोरीत पालथा केला. उचलला तेव्हा तो भरलेलाच होता. इतक्या दिवसांत घरात न संपणारी ती एकच गोष्ट होती.

नगारा वाजला. रांगा चालू लागल्या. मग आमच्या इमारतीला गचका बसला आणि तीही त्यांच्या मधोमध, बैलांच्या चालीनं पुढे सरकू लागली. भांडी वाजत राहिली. डिंगरेवहिनींनी बाल्कनीचा कठडा धरला होता.

"आपल्याला कशाला नेतायत?" त्यांनी विचारलं.

"मागे कुठे ठेवणार?" येसू म्हणाली. ती मुलांना पाठीशी बांधत होती.

धुकं विरलं. समोर नुसत्या पाठी होत्या. त्यांतली एक श्रीरंगची होती. मी कठड्यावरून वाकले आणि त्याला नावानं हाक मारली.

सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर एकच पिवळा चेहरा होता.